हिरवी खूण

हैदराबादेत टेस्ट ऑटोमेशन जाणणारा माणूस शोधणं हे बेगम बाजारात हळद शोधण्याइतकं सोपं आहे. प्रत्येक दुकानात आहे, पोत्यानं आहे आणि सगळी पिवळी आहे. त्यात हळद किती, हा प्रश्न घरी जाऊन भाजीत टाकल्यावर पडतो, आणि तोवर दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलत असतो.

चिन्मय परळीकर गेले काही महिने हीच हळद शोधत होता. माधापूरच्या एका कंपनीत तो ऑटोमेशनचा प्रमुख होता. कंपनी रक्ततपासणी केंद्रांच्या एका साखळीसाठी ॲप चालवायची. घरबसल्या वेळ ठरवा, सकाळी उपाशीपोटी केंद्रावर जा, रक्त द्या, घरी येऊन पोहे खा. ॲपमध्ये रोज काहीतरी नवं घातलं जायचं, आणि नव्यामुळं जुनं मोडलं नाही ना, हे माणसानं रोज बघत बसायचं तर माणूस खुळा होईल. म्हणून माणसाऐवजी प्रोग्रॅम बघतो. तो पेशंटसारखा ॲप उघडतो, नाव भरतो, वेळ निवडतो, बटण दाबतो आणि शेवटी निकाल देतो. पास म्हणजे हिरवा, फेल म्हणजे लाल. असे शेकडो प्रोग्रॅम चिन्मयच्या नावावर होते. त्यांना कंपनीत टेस्ट म्हणत.

दर शुक्रवारी चारला सगळी टीम मोठ्या पडद्यासमोर जमायची. चहा, उस्मानिया बिस्किटं आणि पडद्यावर हिरव्या चौकोनांचा गालिचा. मॅनेजर रमणा सर त्याकडं बघून 'चाला बागुंदी', म्हणजे तेलुगूत फार छान, म्हणायचे आणि आठवडा संपायचा. लाल चौकोन शुक्रवारी दिसणं हे पंगतीत कुणीतरी भरल्या ताटावरून उठण्यासारखं समजलं जाई. म्हणून गुरुवारीच डागडुजी व्हायची. लाल झालेली टेस्ट पुन्हा चालवायची. तरी लाल, तर पुन्हा. कधीतरी हिरवी झाली की ती मुळातच हिरवी होती असं धरायचं. जी टेस्ट फारच हट्टी असेल तिला 'विश्रांती' नावाच्या फोल्डरमध्ये पाठवायचं. तिथून परत आलेली टेस्ट कुणी पाहिली नव्हती.

चिन्मय काही लबाड माणूस नव्हता. तो अमीरपेटच्या एका क्लासात हे काम शिकला होता. तिथं टेस्ट लिहायला शिकवत आणि ती पास झाली की टाळ्या वाजवत. फेल कशी व्हायला हवी, हे अभ्यासक्रमात नव्हतं. पुढं नोकरीतही कुणी विचारलं नाही. टाळ्या मात्र चालू राहिल्या, आणि आता त्याला 'ऑटोमेशन आर्किटेक्ट' करायचं घाटत होतं. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी गिऱ्हाईक कंपनीच्या चारुलताबाई पडद्यावरून हजर राहणार होत्या. त्यांनी गालिचा बघायचा, चिन्मयनं चार शब्द बोलायचे आणि पद पदरात पडायचं.

गौलीगुड्याच्या घरी ही बातमी आधीच पोचली होती. चिन्मयचे वडील एकनाथराव सचिवालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. परळीकरांच्या घरात कुणी कोर्टात, कुणी शाळेत, कुणी सरकारात. घरातल्या कुणाच्या ना कुणाच्या सहीशिवाय या शहरात कागद हलला नाही, अशी एकनाथरावांची समजूत होती. मुलगा सही न करता नेमकं काय करतो हे त्यांना बरीच वर्षं कळलं नव्हतं. मग एकदा 'पास' आणि 'फेल' हे शब्द कानावर पडले आणि सगळा उलगडा झाला. शेजारच्या मधुकररावांना ते सांगत, "आमचा चिनू एग्झामिनर आहे. कॉम्प्युटरला पास करतो. ह्यानं पास केल्याशिवाय ॲप बाहेर पडत नाही."

मधुकरराव मान डोलवत. त्यांचा मुलगा समीर नुसता डेव्हलपर होता.

त्या आठवड्यात पिंकी सोनकांबळे मुलाखतीला आली.

अर्जावर पिंकी हेच नाव होतं. एचआरच्या मुलीनं ते वाचताना ओठ दाबून धरले होते. चिन्मयनं आडनाव बघून इंग्रजीतून मराठीत उडी घेतली आणि मूळ गाव कुठलं म्हणून विचारलं. हा प्रश्न पुष्कळदा ऐकलेल्या माणसाच्या तयारीनं तिनं उत्तर दिलं. नांदेडकडचे, वडील निवृत्ती सोनकांबळे टपाल खात्यात, सध्या सिकंदराबाद. आणखी काही विचारायचं आहे का, अशा नजरेनं ती थांबली. चिन्मयनं आणखी काही विचारलं नाही. त्यानं व्याख्या विचारायला घेतल्या.

व्याख्या तिला येत नव्हत्या. दोन आल्या, एक चुकली, चौथीला ती म्हणाली की हे पाठ नाही, लागलं की बघते. चिन्मयनं कागदावर काहीतरी टिपलं. मग रिवाजाप्रमाणं त्यानं लॅपटॉप तिच्यापुढं सरकवला. त्यावर ॲपची सरावाची प्रत होती आणि नमुना म्हणून त्याचीच एक टेस्ट, वेळ ठरवण्याची. उमेदवारानं ती वाचायची, तिच्यासारखी दुसरी लिहायची. बहुतेक जण नावं बदलून तीच परत लिहीत. चिन्मय त्यांना चांगले गुण देई, कारण तोही तेच करत आला होता.

पिंकीनं टेस्ट वाचली. मग पुन्हा वाचली.

"सर, ही शेवटची लाल कधी झाली होती?"

चिन्मय म्हणाला की आपलं ॲप स्टेबल आहे.

"ॲपचं नाही, हिचं विचारते. ही कधीच लाल झाली नसंल तर हिला लाल होता येतं का, हे कसं कळायचं?" तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "हे बघा. बटण दाबलं, 'तुमची वेळ ठरली' अशी हिरवी खूण आली, की ही पास म्हणून मोकळी. वेळ खरंच केंद्रावर गेली का, ते बघतच नाही. मी आधी मुद्दाम मोडून बघत असते. वेळ सेव्ह करायची ती ओळ इथून काढू का? सरावाचीच प्रत आहे. हिनं बोंब मारली तर टेस्ट खरी."

तिचं बोट ओळीवर होतं. दोन सेकंदांचं काम होतं. चिन्मयनं घड्याळाकडं बघितलं. घड्याळात भरपूर वेळ होता.

"वेळ संपत आलीय," तो म्हणाला.

पिंकीनं बोट काढलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. लॅपटॉपचं झाकण तिनं हळूच मिटलं, एखाद्याच्या घरातलं उघडं राहिलेलं दार आपण लोटून घेतो तसं.

संध्याकाळी चिन्मयनं अभिप्राय भरला. तांत्रिक: मध्यम. कम्युनिकेशन: सुधारणा हवी. वृत्ती: नकारात्मक. तिसऱ्या रकान्यापाशी तो थोडा थांबला होता. पण रिकामा रकाना सिस्टीम घेत नाही.

शनिवारी एकनाथराव कोठीच्या केंद्रावर साखर तपासायला गेले. एरवी ते ॲपच्या भानगडीत पडत नसत. सकाळी जाऊन रांगेत उभे राहत. पण मुलाची बढती तोंडावर आली असताना बापानं रांगेत उभं राहणं त्यांना बरं वाटेना. त्यांनी स्वतः वेळ ठरवली, हिरवी खूण मधुकररावांना दाखवली आणि सकाळी त्यांनाही बरोबर घेतलं. पोटात रात्रीपासून काही नव्हतं. मधुमेही माणूस, पण त्या दिवशी ते रिक्षानं न जाता चालत गेले.

पुढचं चिन्मयला वृषालीकडून कळलं, आणि वृषालीला, म्हणजे त्याच्या बायकोला, मधुकररावांकडून. केंद्रावरच्या मुलीनं नाव शोधलं, सापडलं नाही. एकनाथरावांनी फोन पुढं केला. खूण होती, तारीख होती, वेळ होती. मुलगी फोनकडं न बघताच म्हणाली, "टिक तो सबको आती, अंकल. नाम इच नहीं आया मेरे पास. रोज ऐसे लोगां आते." मग तिनं वेळ न ठरवलेल्यांच्या रांगेकडं हात केला.

"बाबा चिडले?" चिन्मयनं विचारलं.

"चिडले असते तर बरं झालं असतं," वृषाली म्हणाली. "सगळ्या लोकांसमोर तिला म्हणाले, नहीं बेटा, ये ॲप मेरा लड़का चेक करता. मेरे से इच गलत दबा होगा. आणि गेले रांगेत. पुढं चक्कर आली तर मधुकरकाकांनी बसवलं, कुणाकडून तरी साखर मागून घातली तोंडात. मग रक्त घेताच येईना, तपासायचीच साखर ती. तसेच परत आले."

दुपारी एकनाथराव जेवून उठले आणि फोन घेऊन मुलाशेजारी येऊन बसले. रागाचा मागमूस नव्हता. उलट काहीतरी फोडून ठेवल्यासारखा चेहरा होता.

"चिनू, मला एकदा नीट दाखव रे. माझं कुठंतरी चुकतंय. हे नवीन आहे ना, बोट थरथरतं."

चिन्मयला त्या क्षणी बोलता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. वृषाली दारात उभी होती, ती वाट बघत होती. चिन्मयनं फोन हातात घेतला.

"इथं नाव," तो म्हणाला. "मग इथं वेळ. मग हे बटण. जरा घट्ट दाबायचं."

"घट्ट. हौ." एकनाथराव मन लावून बघत होते. "आणि हिरवी खूण आली की झालं?"

"हौ."

वृषाली दारातून आत निघून गेली. त्यानंतर दोन दिवस ती त्याच्याशी भाजी काय करायची यापलीकडं बोलली नाही.

सोमवारी चिन्मय ऑफिसात लवकर गेला. सरावाची प्रत उघडली, वेळ सेव्ह करणारी ओळ शोधली आणि पुसली. आता त्या प्रतीवर कुणाचीही वेळ ठरणं शक्य नव्हतं. त्यानं सगळ्या टेस्ट चालू केल्या आणि चहा आणायला गेला. परत आला तेव्हा त्याच्या टीमचा तेजस पडद्यासमोर उभा राहून बिस्किट खात होता. म्हणाला, "ऑल पास, सर. सोमवारची सुरुवात झकास."

चिन्मयनं मग आणखी ओळी पुसल्या. नाव साठवणारी. रिपोर्ट पाठवणारी. रद्द करणारी. ॲपचं पोट रिकामं होत गेलं, नुसता चेहरा उरला आणि टेस्ट त्या चेहऱ्याकडं बघून हिरव्या होत राहिल्या. रंगवलेल्या भिंतीलाही त्यांनी पास केलं असतं.

सगळ्यात वाईट गोष्ट त्यानंतर आठवली. पहिल्या वर्षी ही टेस्ट केंद्राच्या बाजूनंही बघायची. वेळ तिकडं पोचली का, हे विचारणारी एक ओळ तिच्यात होती. ती टेस्ट कधी हिरवी, कधी लाल व्हायची. एका गुरुवारी चिन्मय वैतागला, ही टेस्टच लहरी आहे असं ठरवलं आणि ती ओळ काढून टाकली. टेस्ट लहरी नव्हती. वेळा खरोखरच कधी पोचत होत्या आणि कधी पोचत नव्हत्या. ती बिचारी जे बघत होती ते सांगत होती, आणि तिचा तो दुर्गुण त्यानं स्वतःच्या हातानं काढला होता. वृत्ती: नकारात्मक.

तो उठून एचआरकडं गेला. पिंकीला पुन्हा बोलवायचं म्हणाला. मुलीनं बघून सांगितलं की नाकारलेला उमेदवार सहा महिने परत बोलवता येत नाही, सिस्टीम घेत नाही. अभिप्राय बदलता येईल का? तोही नाही. "तुम्हीच सबमिट केलाय ना, सर," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरोखर मदत करायची इच्छा होती.

मग त्यानं जिन्यात उभं राहून पिंकीला स्वतःच फोन लावला. त्या दिवशी तुम्ही विचारलेलं बरोबर होतं, इथवर तो पोचला. तेवढ्यात पिंकीनं विचारलं.

"मोडून बघितलं का, सर?"

"बघितलं."

"मग?"

"सगळं पास."

चिन्मयला वाटलं, हसावं तरी हिनं. त्यानं सांगितलं की तुमच्यासारखी माणसं आमच्याकडं हवीत, सहा महिन्यांनी अर्ज केलात तर मी स्वतः बघेन.

"नको सर. मला मिळालं दुसरीकडं. डेव्हलपर म्हणून." मग तिनं अगदी सरळ आवाजात समजावलं. टेस्टिंगमध्ये होती तेव्हा प्रत्येक टीममध्ये हेच. चूक दाखवली की लोक चुकीकडं नाही, हिच्याकडं बघायचे. शुक्रवारी तर बघायचेच. "कोड मला येतोच. आता मी बनवते. माझं तपासायचं काम दुसऱ्याकडं."

"कोण तपासतं?"

"आहे कुणीतरी," पिंकी म्हणाली. "तुमच्यासारखंच."

यात टोमणा असता तर चिन्मयला सोपं गेलं असतं. नव्हता.

अशी माणसं मिळत का नाहीत, याची कारणं कंपनीच्या बैठकीत नेहमी चर्चिली जात. क्लास वाईट, कॉलेज वाईट, मुलं वाचत नाहीत. जिन्यात उभ्या चिन्मयला दिसलं की माणसं मिळतात. येतात, टेबलापलीकडं बसतात, ओळीवर बोट ठेवतात. आणि टेबलाच्या अलीकडं त्याच्यासारखा कुणीतरी घड्याळाकडं बघतो.

शुक्रवारी चारला गालिचा पसरायची वेळ आली. गुरुवारी चिन्मयनं ॲपच्या पुसलेल्या ओळी जागेवर लावून टेस्टमधली ती जुनी, केंद्राकडं बघणारी ओळ परत घातली होती आणि विश्रांतीतल्या टेस्ट बाहेर काढल्या होत्या. पडद्यावर हिरव्यात जागोजागी लाल उठलं होतं, गोवर आल्यासारखं. तेजस बिस्किटाची बशी हातात धरून तसाच थांबला. रमणा सरांनी आधी प्रोजेक्टरच्या वायरकडं बघितलं.

चिन्मयनं भाषण तयार केलं होतं. त्यात धैर्य होतं, पारदर्शकता होती. त्यातलं काही बाहेर आलं नाही. तो म्हणाला की आपल्या बऱ्याच टेस्ट खूण बघतात, काम झालं का ते बघत नाहीत. ठरवलेल्या वेळा कधीकधी केंद्रावर पोचत नाहीत. लाल आहे ते खरं आहे.

पडद्यावरून चारुलताबाईंनी शांतपणे विचारलं, "हे कधीपासून?"

रमणा सर घाईनं म्हणाले की आपण यावर वेगळं बोलू. चिन्मय बशीकडं बघत म्हणाला, "पहिल्या वर्षापासून."

त्या दिवशी बिस्किटं उरली. आर्किटेक्टचं 'सध्या होल्डवर' असल्याचं रमणा सरांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं. सोमवारपासून दुरुस्तीला डेव्हलपर लावू म्हणाले आणि जाता जाता, पुढच्या शुक्रवारपर्यंत त्या लाल टेस्टना जरा विश्रांती देता येईल का, हेही विचारलं. चिन्मय नाही म्हणाला. आवाज इतका बारीक होता की रमणा सरांना परत विचारावं लागलं, आणि त्याला परत नाही म्हणावं लागलं.

घरी त्यानं यातलं काही सांगितलं नाही. ऑफिसात सगळ्यांसमोर जे जमलं ते गौलीगुड्याच्या स्वयंपाकघरात जमत नव्हतं. एकनाथरावांनी पुढच्या शनिवारची वेळ ठरवली होती. घट्ट दाबून. येत्या-जात्याला ते सांगत की मागच्या वेळी माझीच चूक झाली, चिनूनं मग नीट शिकवलं. ऐकणारे म्हणत, मुलगा असावा तर असा. चिन्मय तेवढ्यात काहीतरी आणायला आत जाई.

शनिवारी सकाळी एकनाथराव उपाशीपोटी, इस्त्रीचा शर्ट घालून तयार होऊन बसले. मधुकरराव दारात आलेच होते. निघता निघता चिन्मय म्हणाला, थांबा, मीही येतो. चप्पल घालण्याआधी त्यानं फोन काढला आणि कोठीच्या केंद्राचा नंबर लावला. बराच वेळ कुणी उचलेना. उचलला तेव्हा तो भिंतीकडं तोंड करून दबक्या आवाजात बोलू लागला.

"एकनाथराव परळीकर. आज सुबह का टाइम है. नाम आया क्या आपके पास? नहीं, टिक आई है. टिक छोड़ो, नाम देखो."

पलीकडं शोधाशोध चालली होती. वृषाली स्वयंपाकघराच्या दारात आली.

नाव होतं. चिन्मयनं फोन ठेवला, पण तोंड भिंतीकडंच राहिलं. भिंतीवर वर्षानुवर्षं कॅलेंडर अडकवायचं तेच खिळ्याचं भोक होतं.

एकनाथराव हातातल्या फोनवरची हिरवी खूण बघत होते. त्यांनी हयातभर फायली वाचल्या होत्या. कुठल्या टिपणीखाली काय दडलंय हे त्यांना उशिरा का होईना, कळायचं.

"चिनू," ते म्हणाले. "म्हणजे मी मागच्या वेळी बरोबरच दाबलं होतं."

"हौ, बाबा."

"घट्ट वगैरे काही नसतं."

"नसतं."

एकनाथरावांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत लावला. मुलाकडं बघायचं ते त्यांनीही टाळलं. बाहेर मधुकरराव रिक्षा थांबवून हाका मारत होते.

एकनाथराव उंबऱ्याशी गेले, तिथं थबकले आणि मागं वळून अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "मधुकरला काही बोलू नको. माझंच चुकलं होतं म्हणून सांगितलंय ना, तेच राहू दे."

आणि ते उपाशीपोटी पायऱ्या उतरू लागले. चिन्मय त्यांच्या मागून.